तिसऱ्या जॉबला लागलेलं कुंकू

आमच्या घरात वर्षभर दोन लढाऊ विमानं नांदत होती. एक माझं, एक माझ्या नवऱ्याचं. आणि दोघांनाही आपापल्या विमानाबद्दल दुसऱ्यासमोर चकार शब्द काढायची बंदी होती.

आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. हवाई दलासाठी नवं लढाऊ विमान बनायचं होतं आणि दोन मोठ्या कंपन्या आपापलं डिझाइन घेऊन त्यासाठी एकमेकींना भिडल्या होत्या. दोन्हींतलं एकच निवडलं जाणार होतं. एवढ्या मोठ्या कुस्तीत आम्हा कोल्हापूरकरांचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण विमानात हजारो बारके भाग असतात आणि ते सगळे काही कंपनी स्वतः करत बसत नाही, बाहेर करायला देते. धातू ओतायचं आणि कापायचं काम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे दोन्ही कंपन्यांची माणसं आमच्या गल्ल्यांतून फिरून गेली. एकीनं चाचणीचं काम दिलं माझ्या धाकट्या भावाच्या उद्यमनगरातल्या कारखान्याला. तिथं तपासणीचं खातं मी सांभाळते. दुसरीनं दिलं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याला, आणि तिथं मशीनचे प्रोग्रॅम माझा नवरा लिहितो.

दोघांनीही आपापल्या ठिकाणी गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्या. त्यानंतर चारच दिवसांनी नवऱ्यानं भाकरी मोडता मोडता सहज विचारलं, "ह्या धातूवर तुमचं कटर किती येळ टिकतंय गं?" माझ्या हातात आमटीची पळी होती. ती मी तशीच पातेल्यात सोडली.

"ह्ये बगा," मी म्हटलं, "कारखान्याचं घरात न्हाय. एक अक्षर न्हाय. तुमी इचारायचं न्हाय, मी सांगायचं न्हाय. उद्या काय झालं तर माझ्या भावाच्या गळ्याला फास लागंल."

"बरं बाई," तो म्हणाला आणि गप जेवला. माझा नवरा मुळात शांत माणूस. एकदा ठरलं की ठरलं, मग आभाळ कोसळलं तरी तो त्यात बदल करत नाही. माझं तसं नाही, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पण हा नियम माझा होता, हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

माझ्या भावाविषयीही थोडं सांगायला हवं. हा कारखाना आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. त्यांच्या काळात तिथं ऑइल इंजिनाचे भाग आणि उसाच्या ट्रॉलीच्या चाकांचे हब व्हायचे. आप्पा गेल्यावर भावानं हळूहळू जुनी लेथ मशीनं काढली आणि पाच दिशांनी कापणारं नवं मशीन आणलं. ते आणलं त्या दिवशी तो लहान पोरासारखा मशीनभोवती फिरत होता. त्याला एकच ध्यास होता. आपण केलेली वस्तू जमिनीवर चालणारी नको, उडणारी पाहिजे. गल्लीतले लोक त्याची टिंगल करायचे, "काय पायलट, कुठंवर आलं इमान?" म्हणून हाक मारायचे. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं, मला दिसायचं.

काम होतं एका बिजागरीचं. विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला जी झडप खालीवर हलते, तिला धरून ठेवणारी टायटॅनियमची बिजागरी, तळहाताएवढी. दिसायला काही विशेष नाही, पण तिच्या एकेका भोकाचं माप केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी फरकात बसवायचं. मशीनवर घडणाऱ्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. असे तीन जॉब कंपनीला द्यायचे होते. धातू कंपनीनंच नंबर घालून पाठवला होता, चार तुकडे, एकही जास्त नाही. पहिल्यावर कटर मोडलं आणि तो वाया गेला. म्हणजे उरलेले तिन्ही बरोबर यायलाच हवे होते. ते तीन जॉब पुरे करायला आम्हाला सगळा पावसाळा लागला. भाऊ मशीनपाशी स्टूल टाकून बसायचा आणि कटरच्या आवाजात जरा फरक पडला की उठून उभा राहायचा.

जॉब पुरा झाला की तो मी मोजायचा, मग खास द्रवानं धुवायचा, आणि हातमोजे घालून पिशवीत सीलबंद करायचा. एकदा शेवटची धुलाई झाली की त्याला उघडा हातसुद्धा लावायचा नाही. टायटॅनियमला काही गोष्टी सोसत नाहीत. साध्या पाण्यातले क्षार, घाम, काही रंगांतले धातू त्याला लागले आणि पुढं तो तापला, तर आत बारीक चीर धरू शकते. धरेलच असं नाही, पण धरू शकते. म्हणून प्रत्येक जॉबबरोबर एक फॉर्म जायचा आणि त्याच्या तळाशी एक प्रश्न होता. शेवटच्या धुलाईनंतर या जॉबला उघडा हात, पाणी किंवा अन्य कोणताही पदार्थ लागला आहे काय? पुढं दोन चौकोन होते, एक 'यस'चा, एक 'नो'चा. खाली माझी सही.

पहिले दोन जॉब खोक्यात बसून खोक्याला कंपनीचा शिक्का लागला होता. तिसरा मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी धुवून पिशवीत घातला आणि तपासणीच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. नवमीला पूजा, दसऱ्याला सुट्टी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा तपासनीस येऊन तिन्ही जॉब घेऊन जाणार, असं ठरलं होतं. मी त्या संध्याकाळी घरी गेले ती अगदी हलकी होऊन.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडे हत्यारांचा सण. त्या दिवशी मशीन चालत नाही. सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, मशीनला झेंडूचा हार घालायचा, आणि दारं सताड उघडी. शेजारपाजारचे कारखानदार येतात, प्रसाद घेतात, एकमेकांची मशीनं बघतात. सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला, "आज तुमच्यात पूजेला..."

"कारखान्याचं घरात न्हाय," मी म्हटलं. तो थांबला, बशीतला चहा संपवला आणि गेला.

घरचा नैवेद्य करून मी कारखान्यात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. दारातच उदबत्तीचा वास आला. आरती नुकतीच सुरू झाली होती. सगळे कामगार स्वच्छ कपडे घालून टाळ्या वाजवत उभे होते, भावजय ताट ओवाळत होती, भाऊ घंटा हलवत होता. मी चपला काढल्या, पदर नीट केला आणि टाळ्या वाजवत पुढं सरकले. टेबलावर लाल कापड होतं. त्यावर आप्पांचं जुनं व्हर्नियर, हातोडे, पाने, मायक्रोमीटर. आणि मधोमध पितळेच्या तबकात, पिशवीतून काढलेला, माझा तिसरा जॉब.

त्याच्या वरच्या भोकाजवळ कुंकवाचं बोट उठलेलं होतं. शेजारी हळदीचं. अंगावर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. फुलानं शिंपडलेल्या पाण्याचे थेंब त्याच्या चकचकीत अंगावर तसेच उभे होते.

आरती मध्येच थांबवायची नसते. त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं, पण लहानपणापासून अंगात मुरलेलं असं एका क्षणात जात नाही. मी टाळ्या वाजवत राहिले. एक थेंब घरंगळून भोकात उतरला तो मी बघितला. दुसरा काठावर येऊन थांबला. तोंडानं मी आरती म्हणत होते. एवढी लांब आरती मी आयुष्यात ऐकलेली नाही.

आरती संपल्यावर मी भावाला दंडाला धरून तपासणीच्या खोलीत नेलं. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे.

"पिशवी कुणी फोडली?"

"मीच," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर गंध होतं आणि चेहरा असा आनंदी की मला पुढचं बोलवेना. "अगं अक्का, पयला चांगला जॉब देवाफुडं ठेवायचा आसतोय न्हवं? आप्पा दरसाल ठेवत हुते. ती दोन खोक्यात गेली, मग ह्योच ऱ्हायलाता."

"त्याला पाणी लागलं. कुंकू लागलं."

"मग?"

मी कपाटातून फॉर्म काढला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं वाचलं. मग परत वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेला तो मला बघवला नाही. बाहेर कामगार प्रसादाचे द्रोण घेऊन हसत होते.

"धुवू परत," तो म्हणाला. "दोनदा धुवू. तीनदा धुवू."

"धुता येतंय. पर प्रश्न धुतलं का ह्यो न्हाय. लागलं का, ह्यो हाय."

"पुसून टाकू अक्का. कुणाला कळतंय?"

एवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याचा. तो कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. मी उचलला तर त्यानं माझा आवाजही ऐकून घेतला नाही. "तुझ्या भावजयीनं पूजेचा फोटू स्टेटसला ठेवलाय. आदी काढाय सांग," म्हणाला आणि फोन ठेवला.

भावजय बिचारी हौसेनं तबकाचाच फोटो काढून बसली होती, खाली दोन नमस्कार आणि झेंडूचं फूल. मी सांगितल्यावर तिनं घाईघाईनं फोन उघडला. "वन्सं, मला काय ठावं न्हवतं वो," ती परत परत म्हणत होती. फोटो काढून टाकला. पण तोवर तिच्या माहेरच्या आजऱ्यापर्यंत सगळ्यांनी विमानाची बिजागरी हळदकुंकू लावलेली बघून झाली होती. आणि दुसऱ्या कंपनीचा एक माणूसही ती बघून बसला होता, माझ्याच घरातला.

"दाजी सांगतील व्हय गं कुणाला?" भावानं हळूच विचारलं. मला त्या प्रश्नाचा राग आला आणि त्याहून जास्त राग याचा आला, की मला लगेच 'नाही' म्हणता आलं नाही.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा नवरा दाराच्या चौकटीला तोरण बांधत होता. मी पर्स कॉटवर टाकली.

"तुमी कुणाला बोललासा का?"

"न्हाय."

"बोलनार हाईसा का?"

त्यानं खाली उतरून स्टूल बाजूला ठेवलं. "फोटू काढाय सांगितला त्येच नियमाभायेर हुतं," तो म्हणाला. "तेवढंच करायचं हुतं, केलं."

मग माझ्या डोक्यात एक प्रश्न आला आणि तो विचारल्याशिवाय राहवेना. "तुमच्यात पूजा झाली न्हवं? तुमचे जॉब कुठं हुते?"

त्यानं उरलेला दोरा गुंडाळला. मग म्हणाला, "मी परवाच मालकांना सांगून कुलपात घातले. आमच्या मालकांची आई हौशी हाय. म्हटलं, म्हातारी ठेवंल ताटात."

म्हणजे त्याला सुचलं होतं. दोन दिवस आधी सुचलं होतं. त्याला माझा भाऊ माहीत होता, आप्पांची रीत माहीत होती, आमच्या पूजेत दरवर्षी जावई म्हणून नारळ तोच फोडायचा, फक्त त्या वर्षी सह्यांमुळे आला नव्हता. मी तोंडाला येईल ते बोलले. शेजारणीनं खिडकी लावून घेतली एवढ्या मोठ्यानं बोलले. "तुमाला सुचलं आनि तुमी गप बसलासा! एक शब्द टाकायचा हुता. एकच."

"टाकालोतो की," तो म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सकाळी. चा घेताना."

मी खाली बसले. 'आज तुमच्यात पूजेला' एवढे तीन शब्द माझ्या कानात परत वाजले, आणि त्यांच्यावर आपटलेलं माझं वाक्यही. त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला भाऊ नेहमी सहकुटुंब येतो. त्या वर्षी एकटा आला. आपट्याची पानं माझ्या हातात देऊन माझ्या पाया पडला आणि वाकलेलाच राहिला.

"अक्का, 'नो'वर बरोबरची खूण कर. तुझ्या पाया पडतो."

"उठ आदी."

"मी काल परत धुतलाय त्यो. भिंगाखाली बघितलाय. डाग न्हाय, कण न्हाय. तू येऊन बघ. खरं सांग, एवढ्या कुंकवानं इमान पडतंय व्हय?"

खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं पडेल म्हणून. मी रात्रभर हाच विचार केला होता. एवढंसं कुंकू, चार थेंब पाणी, लगेच धुतलेलं. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी सांगितलं असतं, काही होत नाही. भाऊ काही लबाड माणूस नाही. त्याच्या बाजूनं आप्पाही उभे होते, त्यांची पूजा उभी होती.

पण माझ्या बाजूनंही आप्पाच उभे होते, हीच तर अडचण. मी डिप्लोमा करत होते तेव्हाची गोष्ट. शिरोळकडचा एक शेतकरी ट्रॉलीचा फुटलेला हब खांद्यावरून घेऊन आला आणि आप्पांच्या टेबलावर दाणकन ठेवला. भरलेली ट्रॉली रस्त्यात बसली होती. फुटलेल्या जागी आप्पांना लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुटी, दिसली. ओतकामात राहिलेलं भोक लांबी भरून, रंग मारून झाकलं होतं, आणि ते आप्पांनीच झाकलं होतं. त्यांनी शेतकऱ्याला नवा हब दिला, चहा पाजला, हात जोडले. तो गेल्यावर त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढून माझ्यापुढं टाकली. "आजपासनं तू बघत जा," म्हणाले. "माझ्या हाताला झाकायची सवय लागलीया." तेव्हापासून कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू मी बघितली आणि वहीत लिहिली. आप्पांनी भावाला पूजा दिली आणि मला वही दिली. दोन्ही एकाच दिवशी एकमेकांसमोर येतील असं त्यांना कुठं माहीत होतं?

"ट्रॉली बसली तर रस्त्यात बसते," मी भावाला म्हटलं. "ह्याला बसायला रस्ता न्हाय."

"म्हंजे तू यस लिवनार."

मी हातातली पानं कॉटवर ठेवली. तो उठला, गुडघे झाडले. स्वयंपाकघराच्या दारात नवरा उभा होता. त्याच्याकडे बघून भाऊ म्हणाला, "दाजी, तुमचं काम झालं." आणि चहा न घेता गेला.  नवऱ्यानं आपट्याची पानं उचलून देवापुढं ठेवली.

तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आला. कर्नाटकातला तरुण माणूस, कपाळावर पुसट झालेलं कुंकू. भाऊ लगबगीनं पुढं झाला. आमची आई निपाणीकडची, त्यामुळे आम्हाला दोघांनाही कन्नड येतं. "बर्री, कूडरी," म्हणून त्यानं खुर्ची पुढं केली. तपासनीस खुलला. त्यांच्याकडेही नवमीला हत्यारांची पूजा होते, असं तो सांगत होता. भावानं माझ्याकडे आशेनं बघितलं. माणूस आपल्यातला आहे, समजून घेईल, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. माझ्याही मनात क्षणभर तेच आलं.

पहिले दोन फॉर्म झाले. तिसरा मी पुढं ओढला. मशीन बंद होतं, कामगार दाराशी घोळका करून उभे होते आणि कुणीही आत येत नव्हतं. माझं नाव, जॉबचा नंबर, मापं. सगळं लिहून झालं आणि तळाची ओळ उरली. भाऊ माझ्या उजव्या हाताला उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. लहानपणी गणिताच्या पेपरला तो असाच माझ्या खांद्यावरून वहीत बघायचा.

मी 'यस'च्या चौकोनात खूण केली. खाली कारण लिहिलं, पूजेत पाणी, हळद, कुंकू. सही केली. भाऊ बाहेर निघून गेला.

तपासनीसानं फॉर्म हातात घेतला आणि ती ओळ वाचली. मग कन्नड सोडून हिंदीत म्हणाला, "मॅडम, इस खाने में 'यस' मैंने पहली बार देखा है." ही शाबासकी होती की कीव, ते मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं, तुमच्याकडे पूजेत जॉब ठेवत नाहीत का? तर म्हणाला, ठेवतात, पण खोक्याला कुंकू लावतात, खोकं उघडत नाहीत. मग त्यानं तिसऱ्या जॉबवर लाल पट्टी चिकटवली. लाल पट्टी म्हणजे नापास. तीन पाहिजे होते, दोनच उरले. चाचणी अपुरी, या फेरीतून आम्ही बाद. पुढची फेरी कधी, होईल की नाही, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्यानं चहा घेतला, हात जोडले आणि तिन्ही जॉब गाडीत घालून घेऊन गेला.

मी बाहेर आले तर भाऊ बंद मशीनसमोर त्या स्टुलावर बसला होता. मशीनच्या गळ्यात अजून नवमीचा हार होता, सुकलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो हळूच काढला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. कामाचं लागलं तर चिठ्ठी पाठवायचा, तीही कामगाराच्या हाती. आम्ही परत पंपाचे भाग करायला लागलो. गल्लीतलं कुणी आता त्याला पायलट म्हणत नव्हतं, आणि ते न म्हणणंच जास्त लागत होतं. मी रोज वही उघडत होते, लिहीत होते. आपण बरोबर केलं हे मला ठाऊक होतं. पण त्यानं जिवाला काडीचा आराम मिळत नव्हता. चूक केल्यावर माफी मागता येते, बरोबर केल्यावर काय मागायचं?

दिवाळीच्या तोंडावर नवऱ्यानं पेढ्यांचा पुडा आणला आणि काही न बोलता ओट्यावर ठेवला. नियम मोडायची गरजच नव्हती, त्यांचे जॉब पास झाले होते. "देवाफुडं ठिवा," मी म्हटलं. "तुमचं तरी काय बिघडनार हाय? सगळं कुलपात." बोलले आणि लगेच वाईट वाटलं. त्यानं खरंच पुडा नेऊन देवापुढं ठेवला. थोड्या वेळानं मी जाऊन त्यातला एक उचलला, अर्धा त्याला दिला, अर्धा मी खाल्ला. "हितनं फुडं चा घेताना काय बी बोला," मी म्हटलं. तो म्हणाला, "बगू."

भाऊबीजेला जाऊ की नको असं दोनदा झालं. तीस-पस्तीस वर्षांत मी ओवाळायला गेले नाही असं एकही साल नव्हतं. शेवटी नवरा म्हणाला, "तू जा. पाट मांडला न्हाय तर परत ये." मी ताटात सुपारी, अक्षता, हळद, कुंकू घेतलं आणि गेले.

पाट मांडलेला होता. भावजयीनं रांगोळी काढली होती. भाऊ आतून आला, डोक्यावर टोपी घातली आणि पाटावर बसला, नजर खाली. 'ये' म्हणाला नाही. मी निरांजन लावलं, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि त्याच्या कपाळाकडे नेलं. आणि तिथं माझा हात अडला. तबकातला तो जॉब, त्याच्यावर उठलेलं बोट, काठावर थांबलेला थेंब, सगळं डोळ्यांपुढं आलं. हात पुढं जाईना, मागंही येईना. निरांजनातली वात तडतडत होती आणि आम्ही तिघं तसेच.

तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला, मान खालीच ठेवून.

"लाव की गं. ह्यो जॉब तसाबी रिजेक्टच हाय."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यात कुंकू वाकडं लागलं, पार भुवईपर्यंत ओघळ आला. भावजय लगेच पदराचं टोक घेऊन पुढं सरकली. त्यानं तिचा हात वरच्या वर धरला.

"पुसू नगं," तो म्हणाला. "अक्कानं बघितलंय."

मग तो तसाच, वाकडं कुंकू घेऊन, माझ्या शेजारी जेवायला बसला.